ग्रीक कला आणि विद्यार्थ्यांचे हात

कलेचा इतिहास शिकविणें म्हणजे नांवें, सन आणि विशेषणें यांची एक लांबलचक यादी विद्यार्थ्यांच्या वहींत उतरवून देणें, अशी समजूत आमच्या महाविद्यालयांतून इतकी रूढ झाली आहे कीं, ती केवळ एक समजूत आहे हेंही आतां कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. फिडिअस हा थोर शिल्पकार होता, पार्थेनॉन हें प्रमाणबद्ध मंदिर आहे, ग्रीक कलेंत संयम व सौंदर्य यांचा मिलाफ झालेला आहे, हीं वाक्यें विद्यार्थी लिहितो, परीक्षक तीं वाचतो, आणि दोघांपैकीं कोणासही त्यांतील एकाही शब्दाचा पडताळा पाहण्याची गरज भासत नाहीं. या निर्जीव प्रकारास उतारा म्हणून शाळा-महाविद्यालयांतून अलीकडे एका पद्धतीचा बराच पुरस्कार होत आहे. विद्यार्थ्यांचे लहान लहान गट करावयाचे, प्रत्येक गटाकडून एखादी वस्तु हातानें करवून घ्यावयाची, आणि ती करतां करतां त्यांस विषय शिकूं द्यावयाचा. हिला 'प्रकल्प' असें नांव आतां चांगलें रुळलें आहे.

ही कल्पना तशी नवी नव्हे. अमेरिकेंत विल्यम किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं या पद्धतीवर आपला निबंध प्रसिद्ध केला. आणि १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें हा विचार देशापुढें मांडला. तेव्हां हातानें काम केल्यानें बुद्धि मंदावत नाहीं, उलट ती जागी होते, हें तत्त्व आज नव्यानें सिद्ध करीत बसण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्यापुढील प्रश्न याहून मर्यादित, पण आमच्या मतें अधिक अवघड आहे. प्राचीन ग्रीक कला हा देशानें व काळानें आमच्यापासून इतका दूरचा विषय. त्याचें ज्ञान विद्यार्थ्यांच्या हातून कांहीं करवून घेतल्यानें खरोखर वाढतें काय? आणि वाढत असेल, तर काय करवून घेतल्यानें वाढतें? कारण सर्वच प्रकल्प सारख्या मोलाचे नसतात. कित्येकांनीं हात तेवढे दमतात, आणि डोळे पूर्वीइतकेच मिटलेले राहतात.

अशा निष्फळ प्रकल्पाचा नमुना पाहावयाचा असेल तर तो पुठ्ठ्याच्या पार्थेनॉनमध्यें पाहावा. ग्रीसचा धडा आला कीं हें मंदिर हटकून उभें राहतें. जाड पुठ्ठ्याचा चौथरा, कागदाच्या सुरळ्यांचे खांब, वर त्रिकोणी छप्पर, आणि सगळ्यांवरून पांढऱ्या रंगाचा हात. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं तें टेबलावर मांडलें जातें, पाहुणे कौतुकानें माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशीं तें अडगळींत जाऊन पडतें. हें करणाऱ्या मुलांस पार्थेनॉनविषयीं नवें काय कळलें? इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळांत उभारलेल्या या मंदिराचें खरें आश्चर्य असें आहे कीं, त्यांतील सरळ भासणाऱ्या रेषा वस्तुतः सरळ नाहींत. चौथऱ्याच्या लांब बाजूची पातळी टोकांपेक्षां मध्यभागीं सुमारें ११ सेंटिमीटर उंच आहे. खांब किंचित् आंतल्या बाजूस कललेले आहेत. कोपऱ्यांवरचे खांब इतरांहून थोडे जाड आहेत. पुठ्ठा कापणारा विद्यार्थी पट्टी लावून सरळ रेघ ओढतो, आणि ज्या गोष्टीकरितां अथेन्सच्या पाथरवटांनीं एवढा खटाटोप केला, नेमकी तीच त्या पट्टीखालीं नाहींशी होते.

पांढऱ्या रंगाची कथाही अशीच आहे. ग्रीकांच्या मूर्ति रंगविलेल्या असत. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर १८८६ सालीं जमिनींतून निघालेल्या तरुणींच्या मूर्तींवर रंगांचे अंश उघड दिसत होते. पार्थेनॉनच्या शिल्पांवर 'इजिप्शियन निळा' या रंगाचे कण शिल्लक असल्याचें ब्रिटिश म्यूझियमच्या संशोधनानें २००९ सालीं दाखवून दिलें. आणि याच म्यूझियममध्यें १९३७-३८ सालीं पार्थेनॉनच्या कांहीं शिल्पांचा पृष्ठभाग, तीं अधिक पांढरीं दिसावींत म्हणून, तांब्याच्या हत्यारांनीं खरवडण्यांत आला होता! एका चुकीच्या समजुतीनें दगडासही कशी इजा पोहोंचते याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण. आमच्याकडे हा पांढरा ग्रीस प्लास्टरच्या नमुन्यांच्या रूपानें आला. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत, जिची स्थापना १८५७ सालीं झाली, ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवून रेखाटन करण्याचा परिपाठ दीर्घकाळ चालला. त्या सरावानें कित्येकांचे हात तयार झाले, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु मूर्ति ही कोणा माणसानें, कांहीं अडचणींतून वाट काढीत, घडविलेली वस्तु आहे ही जाणीव मात्र त्या सरावानें दिली नाहीं. ती जणुं आकाशांतून आलेला आदर्श आहे, आणि आपलें काम केवळ त्याची छाया कागदावर उतरविण्याचें, असाच संस्कार मागें राहिला.

पुठ्ठ्याचें मंदिर काय, किंवा प्लास्टरवरून केलेलें रेखाटन काय, दोहोंतही दोष एकच आहे. दोहोंतही तयार झालेल्या फळाची नक्कल होते. झाड कसें वाढलें याचा पत्ता लागत नाहीं. म्हणून आमच्या मतें कलेच्या इतिहासांतील प्रकल्पाची कसोटी ही असावी : ज्या अडचणी मूळच्या कारागिरापुढें होत्या, त्यांपैकीं निदान एक तरी अडचण त्यानें विद्यार्थ्यापुढें खरोखरीची उभी केली पाहिजे. ती अडचण स्वतःस पडल्यावांचून ती कशी सोडविली गेली यांतील थोरवी कळत नाहीं.

या कसोटीस उतरणारा विषय शोधूं गेल्यास ग्रीक कलेंत मूर्ति व मंदिरें बाजूस ठेवून मडक्यांकडेच वळावें लागतें. हें ऐकून कित्येक वाचकांच्या कपाळास आंठी पडेल. परंतु ग्रीकांची भिंतींवरील व लांकडी फळ्यांवरील चित्रकला जवळ जवळ सर्व नष्ट झाली आहे. पोलिग्नोटसचें नांव उरलें, चित्र उरलें नाहीं. उरलीं तीं मातीचीं भांडीं. आणि तीं इतकीं विपुल कीं ऑक्सफर्ड येथील बीझ्ली संग्रहांत एक लाखाहून अधिक भांड्यांची नोंद झालेली आहे. ग्रीक माणूस रेघ कशी ओढीत असे, हें पाहावयाचें तर तें येथेंच. शिवाय संगमरवराची खाण आमच्या विद्यार्थ्यास मिळणार नाहीं. माती, पाणी, चाक आणि आवा मात्र अजूनही मिळूं शकतात. या मार्गास थोर आधारही आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्यें काम करणाऱ्या गिसेला रिक्टर या विदुषींनीं अथेन्सच्या भांड्यांवर लिहावयाचें ठरविलें, तेव्हां त्यांनीं प्रथम स्वतः चाकावर बसून कुंभारकाम शिकून घेतलें, आणि मगच १९२३ सालीं 'द क्राफ्ट ऑफ अथेनिअन पॉटरी' हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या विषयांत असल्या पंडितांस हात मळविणें अवश्य वाटलें, तेथें आमच्या पदवीपरीक्षेच्या विद्यार्थ्यांनीं संकोच कां करावा?

हा विचार मनांत धरून आम्हीं आमच्या वीस विद्यार्थ्यांचे चार गट केले आणि सहा आठवड्यांचा एक प्रकल्प आंखला. त्याचे नियम थोडे, पण कडक होते. प्रत्येक गटास एक ग्रीक कथा सांगितली जाईल, परंतु त्या कथेवरील कोणतेंही ग्रीक चित्र काम पुरें होईपर्यंत पाहावयाचें नाहीं. चित्र कागदावर नव्हे, मडक्याच्या फुगीर पोटावर काढावयाचें. रंग दोनच : मातीचा तांबडा आणि त्यावर काळा. छाया-प्रकाश नाहीं, दूरचें लहान व जवळचें मोठें दाखविण्याची सोय नाहीं. आकृतीच्या आंतील रेघा काळ्या रंगावर दाभणानें कोरून काढावयाच्या. आणि शेवटचा नियम असा कीं, या कामाचें प्रदर्शन भरणार नाहीं. चित्रांचें काम भाजलेल्या साध्या मडक्यांवर झालें. खऱ्या ग्रीक रीतीचा काळा रंग साधतो कीं काय, हें पाहण्यासाठीं तीन कच्चीं भांडीं निराळीं ठेवलीं होतीं.

प्रथम या काळ्या रंगाविषयीं सांगितलें पाहिजे. अथेन्सच्या भांड्यांवरील तो तकतकीत काळा रंग पाहून कोणीही असेंच समजतो कीं, चित्रकारानें कोठून तरी काळा रंग आणला व तांबड्या भांड्यास लावला. वस्तुस्थिति तशी नाहीं. भांड्याची माती आणि चित्राची माती एकच. ती लोहयुक्त माती पाण्यांत कालवून निवळूं द्यावयाची, जाड कण तळाशीं बसले म्हणजे वरचा अतिशय बारीक गाळ काढून घ्यावयाचा, तो आटवून दाट करावयाचा, आणि त्या घोळानें कच्च्या भांड्यावर चित्र काढावयाचें. त्या वेळीं चित्राच्या व भांड्याच्या रंगांत फारसा भेदही दिसत नाहीं. पुढचें काम अग्नीचें. भट्टींत प्रथम हवा मोकळी खेळूं देतात, तेव्हां सर्व कांहीं तांबडें होतें. उष्णता नऊशें अंशांच्या आसपास पोहोंचली म्हणजे हवेच्या वाटा बंद करून ओलें लांकूड घालतात. प्राणवायूच्या अभावीं भांडें व चित्र दोन्हीं काळीं पडतात, आणि बारीक घोळाचा थर कांचेसारखा घट्ट होऊन बसतो. शेवटीं पुन्हां हवा आंत सोडतात. भांड्याची सच्छिद्र माती प्राणवायु घेऊन पुनश्च तांबडी होते; चित्राच्या घट्ट थरांत मात्र हवेचा शिरकाव होत नाहीं, म्हणून तो काळाच राहतो. ही युक्ति मध्यंतरीं लुप्त झाली होती. थिओडोर शूमान या जर्मन रसायनज्ञानें १९४२ सालीं तिचा उलगडा केला.

हें फळ्यावर लिहून सांगण्यास दहा मिनिटें लागतात, आणि विसरण्यास त्याहून कमी. आमच्या विद्यार्थ्यांनीं गांवच्या एका कुंभाराच्या अंगणांत माती निवळण्यांतच तीन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशीं बादलीभर मातींतून वाटीभर घोळ निघाला, तेव्हां 'सूक्ष्म' या शब्दाचा अर्थ त्यांस कळला. कुंभारास आम्हीं शूमानचा शोध समजावून सांगूं लागलों, तों त्यानें शांतपणें सांगितलें कीं, धूर कोंडला कीं मडकें काळें पडावयाचेंच, त्याला पुस्तक कशाला पाहिजे? त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. विदर्भांतील महापाषाणयुगीन थडग्यांतून निघणारीं काळीं-तांबडीं भांडीं हींही धूर आणि हवा यांच्या खेळांतूनच निपजलेलीं आहेत. धुराचें ज्ञान ग्रीकांच्या एकट्यांचें नव्हे. एकाच भांड्यावर, एकाच भट्टींत, एकाच मातीचे दोन रंग हव्या त्या रेघेवर अचूक थांबविणें, ही मात्र अथेन्सची कमाई. आमच्या तीन भांड्यांपैकीं एक तडकलें, दुसऱ्यावर तपकिरी डाग पडले, आणि तिसऱ्यावर तळहाताएवढ्या जागेंत तांबड्यालगत काळा रंग नितळ उतरला. तेवढ्या जागेसाठीं विद्यार्थ्यांनीं तें भांडें पुन्हां पुन्हां हातांत घेऊन पाहिलें. अथेन्सच्या उत्तम भांड्यांत असा नितळपणा सर्वांगावर असतो, हें मग त्यांस सांगावें लागलें नाहीं.

चित्रांच्या कामांत पहिली अडचण आली ती प्रसंग निवडण्याची. एका गटाकडे अजॅक्सची कथा होती. अकिलीस पडल्यावर त्याचीं शस्त्रें आपणांस मिळावींत असा अजॅक्सचा हक्क. पण तीं मिळालीं ओडिसिअसला. अपमानानें अजॅक्सला वेड लागलें, त्या भरांत त्यानें गुरें कापलीं, आणि शुद्धीवर येतांच लज्जेनें तलवारीवर अंग टाकून प्राण दिला. पांच विद्यार्थ्यांत दोन दिवस वाद झाला. गुरांची कत्तल काढावी कीं मृत्यु? अखेर त्यांनीं तलवार आरपार गेलेला वीर काढला, आणि शेजारीं आक्रोश करणारी स्त्री. चित्र पुरें झाल्यावर आम्हीं त्यांस फ्रान्समधील बुलोन येथें असलेल्या, एक्सेकियासच्या समजल्या जाणाऱ्या भांड्याचें छायाचित्र दाखविलें. त्यांत रक्त नाहीं, प्रेत नाहीं, रडणारें कोणी नाहीं. एक धिप्पाड माणूस एकटाच खालीं वांकून बसला आहे आणि जमिनींत रोंवलेल्या तलवारीच्या मुठीभोंवतालची माती हातांनीं नीट दाबून बसवीत आहे. एका बाजूस ताडासारखें एक झाड, दुसऱ्या बाजूस त्याची ढाल व शिरस्त्राण. कपाळावर कोरलेल्या दोन-चार रेघांच्या आंठ्या. मृत्यु अजून यावयाचा आहे; दिसते ती फक्त तयारी, आणि तीही एखादा माळी रोप लावतो तितक्या काळजीची.

निर्णायक क्षणापेक्षां त्याच्या अलीकडचा क्षण चित्रकारानें कां निवडावा, याची चर्चा लेसिंगनें १७६६ सालीं आपल्या 'लाओकून' या प्रबंधांत केली आहे, आणि तो प्रबंध आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत समजावून देत आलों. परंतु ज्यांनीं दोन दिवस भांडून चुकीचा क्षण निवडला, त्यांस तो सिद्धान्त ज्या वेगानें उमगला, तो वेग व्याख्यानांत कधींही दिसत नाहीं. त्यांची निवड हास्यास्पदही नव्हती. एक्सेकियासच्या आधींच्या कॉरिंथच्या चित्रकारांनींही तलवारीवर पडलेलाच अजॅक्स दाखविला होता. विद्यार्थी जेथवर आले होते तेथवर ग्रीक कलाही एकदां आली होती, आणि त्यापुढचें पाऊल एका माणसानें टाकलें. 'संयम' हा शब्द वहींत लिहिणें निराळें, आणि आपण काढलेलें रक्त एका थोर कारागिरानें टाळलें आहे हें पाहणें निराळें.

दुसरी अडचण फुगीर पृष्ठभागाची. कागदावर नेटकी दिसणारी आकृति मडक्यावर चढविली कीं तिचे पाय पोटाखालीं दडतात, डोकें गळ्याकडे पळतें. हा अनुभव आल्यावर विद्यार्थ्यांनीं व्हॅटिकनमधील एक्सेकियासचें प्रसिद्ध भांडें पाहिलें. इ. स. पू. ५४० ते ५३० च्या सुमाराच्या या भांड्यावर अकिलीस व अजॅक्स युद्धाच्या विसाव्यांत सोंगट्यांसारखा खेळ खेळत बसले आहेत. एकाच्या तोंडाजवळ 'चार' आणि दुसऱ्याच्या तोंडाजवळ 'तीन' असे शब्द लिहिलेले आहेत. दोघांच्या वांकलेल्या पाठी भांड्याच्या बाजूंच्या वळणाशीं जुळतात, आणि खांद्यांवरच्या भाल्यांच्या रेघा नजरेस वर कानांकडे नेतात. ज्या फुगीरपणाशीं विद्यार्थी झगडत होते, त्यासच एक्सेकियासनें चित्राच्या कामाला लाविलें आहे. तीच गोष्ट दाभणाच्या रेघेची. ती खोडतां येत नाहीं. एक रेघ चुकली तर डोळा फुटतो. दहा-बारा डोळे फोडल्यावर विद्यार्थ्यांच्या रेघा आपोआप कमी झाल्या, आणि ज्या राहिल्या त्या विचारपूर्वक आल्या. इ. स. पू. ५२५ च्या सुमारास अथेन्समध्यें उलटी रीत कां निघाली, पार्श्वभूमि काळी करून आकृति तांबडी ठेवावी व आंतील रेघा कुंचल्यानें काढाव्या असें कारागिरांस कां वाटूं लागलें, याचें उत्तरही त्यांना हातांतल्या दाभणानेंच दिलें.

आतां गटाविषयीं. एकत्र काम ही केवळ वर्गाच्या सोयीची गोष्ट आहे, असें पुष्कळ शिक्षक समजतात. ग्रीक भांड्यांच्या बाबतींत ती विषयाच्या गाभ्याचीच गोष्ट आहे. इ. स. पू. ५७० च्या सुमाराचें एक मोठें भांडें फ्लॉरेन्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहे. त्यावर दोन नांवें आहेत : एर्गोटिमोसनें तें घडविलें, क्लेइटियासनें त्यावर चित्रें काढलीं. सुमारें ६६ सेंटिमीटर उंचीच्या त्या भांड्यावर दोनशेंहून अधिक आकृति आहेत. १९०० सालीं संग्रहालयाच्या एका रखवालदारानें रागाच्या भरांत त्याचे ६३८ तुकडे केले, आणि ते जुळवून तें पुन्हां उभें करण्यांत आलें. म्हणजे आज आपण पाहतों त्या भांड्यास तिसऱ्या एका कारागिराचेही हात लागलेले आहेत. चित्र काढलें या अर्थीं ग्रीक कारागीर जें क्रियापद वापरतो, त्याचा दुसरा अर्थ 'लिहिलें' असा आहे. मराठी वाचकास याचें नवल वाटूं नये. आमच्या जुन्या भाषेंतही चित्र 'लिहीत' असत.

आमच्या गटांतही सहीवरून तंटा झालाच. ज्यानें चित्र काढलें त्यानें आपलें नांव कोरलें. ज्यांनीं माती निवळली होती त्यांनीं आपलींही नांवें हवींत असा आग्रह धरला. त्या तंट्यांतून जो प्रश्न निघाला तो मोलाचा होता : बहुसंख्य ग्रीक भांड्यांवर कोणाचेंच नांव नाहीं, मग चित्रकार ओळखावयाचे कसे? सर जॉन बीझ्ली (१८८५–१९७०) यांनीं कान, घोटा, वस्त्राची चुणी असल्या बारीक लकबींवरून शेंकडों निनांवी हात वेगळे केले आणि त्यांस 'बर्लिनचा चित्रकार' अशीं नांवें दिलीं. आम्हीं वीसही विद्यार्थ्यांस खापरांच्या तुकड्यांवर एकेक कान काढावयास लाविलें व तुकडे मिसळून टाकले. निम्म्याहून अधिक कान कोणाचे तें मित्रांनीं बिनचूक ओळखलें. बीझ्लींची पद्धति म्हणजे जादू नव्हे, आणि ती अचूकही नव्हे, हे दोन्ही धडे एका तासांत पदरीं पडले.

येथवर आम्हीं प्रकल्पाच्या बाजूनें लिहिलें. आतां त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, विद्यार्थ्यांचें काम हें हौसेचें काम आहे. ग्रीक कारागिराचें तसें नव्हतें. अथेन्सच्या एरेक्थेइऑन मंदिराचे इ. स. पू. पांचव्या शतकाच्या अखेरचे हिशेब दगडावर कोरलेले उपलब्ध आहेत. त्यांत ज्यांचा दर्जा ओळखतां येतो अशा ८६ कामकऱ्यांपैकीं २४ नागरिक, ४२ अथेन्समध्यें राहणारे परके आणि २० गुलाम होते. तिघांनाही सामान्यतः रोजीं एक द्राख्मा याच दरानें मजुरी पडे. फरक एवढाच कीं, गुलामाची कमाई त्याच्या धन्याकडे जाई. खांबांवर पन्हळी कोरणाऱ्या एकाच टोळींत धनी व त्याचा गुलाम शेजारीं शेजारीं काम करीत. गटांत हंसत-खेळत माती कालविणाऱ्या विद्यार्थ्यास हें चित्र मातींतून दिसणार नाहीं; तें हिशेब वाचूनच कळलें पाहिजे. त्याचप्रमाणें हीं भांडीं कशासाठीं होतीं, मद्यपानाच्या बैठकींत, देवास अर्घ्य देतांना, मृताच्या थडग्यावर त्यांचा उपयोग काय, आणि अथेन्सचीं इतकीं उत्तम भांडीं इटलींतील एट्रुस्कन थडग्यांतच कां सांपडतात, हेंही हातास कळत नाहीं. त्यासाठीं ग्रंथ लागतो, आणि जाणता शिक्षकही लागतो. करून पाहिल्यानें वाचनाची गरज संपते असें जो म्हणेल, त्यानें आळसासच एक नवें नांव दिलें असें आम्ही समजूं.

दुसरी मर्यादा गटाची. पांचांतील एक काम टाळतो आणि चौघांच्या श्रमावर गुण मिळवितो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय एवढाच कीं, गुण वस्तूस न देतां प्रत्येकानें स्वतंत्रपणें लिहिलेल्या टिपणास द्यावे, आणि त्या टिपणांत आपला कोणता निर्णय चुकला व कां, हें लिहिणें सक्तीचें करावें. प्रदर्शनास आम्हीं मज्जाव केला तोही याच कारणानें. पाहुणे येणार म्हटलें कीं गटांतील उत्तम चित्रकार सगळें काम आपल्याकडे घेतो, चुका लपविल्या जातात, आणि जी गोष्ट चुकूनच शिकावयाची ती शिकण्याचा मार्गच बंद होतो.

तिसरा आक्षेप आमच्या स्नेह्यांकडून येतो : हा खटाटोप ग्रीसकरितां कां? अजिंठा जवळ नाहीं काय? अजिंठा जवळ आहेच, आणि हीच पद्धति तेथेंही लावतां येईल. गिलाव्याचा थर घालून त्यावर रंग देऊन पाहिल्यावांचून तेथील भिंतीही खऱ्या अर्थानें दिसणार नाहींत. परंतु ग्रीक कला आमच्या विद्यापीठांत इंग्रजी शिक्षणाबरोबर एक तयार आदर्श म्हणून आली, आणि आम्ही तिची पूजा तरी केली किंवा तिच्याविषयीं रोष तरी धरला. दोन्ही वृत्तींत पाहणें नव्हतें. मडक्यावर काम केलेल्या विद्यार्थ्यास ती पूजा करण्याची गरज उरत नाहीं, रोष धरण्याचीही उरत नाहीं. अथेन्सचा कुंभार त्याच्या लेखीं एक समव्यवसायी होतो, आणि समव्यवसायी माणसाचें कौशल्य जितकें नेमकें कळतें तितकें देवाचें कळत नाहीं.

या ठिकाणीं ग्रीकांच्याच एका उणिवेकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. प्लूटार्कनें पेरिक्लीसच्या चरित्राच्या आरंभीं असा अभिप्राय दिला आहे कीं, झ्यूसची मूर्ति पाहून कोणाही कुलीन तरुणास आपण फिडिअस व्हावें असें वाटणार नाहीं. कृति आवडली म्हणून कर्त्याचा मान ठेवलाच पाहिजे असें नाहीं. वस्तूवर प्रेम करावें आणि ती घडविणाऱ्या हातांस हलकें लेखावें, हा विचार ग्रीसमध्यें जितका जुना, तितकाच आमच्या समाजांतही जुना आहे. आमच्याकडे तर त्यास जातीचें कुंपणही पडलें. सुशिक्षित कुटुंबांतील मुलगा कुंभाराच्या अंगणांत बसून त्याच्याकडून माती मळावयास शिकतो, आणि त्या वेळीं गुरु कोण व शिष्य कोण याविषयीं कोणास शंका राहत नाहीं. एवढ्यानें समाज बदलतो असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु फिडिअसची स्तुति लिहितांना फिडिअसच्या हातांचा विसर पडूं नये, ही कलेच्या अभ्यासाची किमान अट आहे, आणि ती अट केवळ व्याख्यानांनीं पुरी होत नाहीं असा आमचा अनुभव आहे.

असो. आमची सूचना थोडक्यांत अशी. ग्रीक कलेचा पाठ ज्या ज्या वर्गांत आहे, तेथें पुठ्ठ्याचीं मंदिरें बंद करावींत, आणि वर्षांतून एकदां तरी विद्यार्थ्यांच्या हातांत एक मडकें, थोडा काळा रंग आणि एक दाभण द्यावा. चित्र आधीं त्यांचें होऊं द्यावें, ग्रीकांचें मागून दाखवावें. हा क्रम उलटला तर सगळेंच नकलेवर जातें. मग ग्रंथ उघडावा. त्या वेळीं शिक्षकास 'संयम', 'प्रमाण', 'सौंदर्य' हे शब्द फार वेळां उच्चारावे लागणार नाहींत. ज्यांनीं डोळे फोडले आहेत ते विद्यार्थी एक्सेकियासनें कोरलेला डोळा जवळ घेऊन मुकाट्यानें पाहतील, आणि तो कसा साधला असेल असें एकमेकांस विचारतील. हा प्रश्न वर्गांत उठला, कीं कलेच्या शिक्षणास सुरुवात झाली असें समजावें.